नऊची फवारणी

मुलगी आली तेव्हा तिच्या एका हातात बॅग होती, दुसऱ्या हातात विद्यापीठाने दिलेली निळी फाइल, आणि खरं सांगायचं तर बॅगेपेक्षा फाइलच तिने जास्त जपून धरली होती. शेतकी विद्यापीठाच्या चौथ्या वर्षाला होती ती, आणि वर्गात पहिली. शेवटचे पाच महिने कुणाच्या तरी शेतावर राहून हाताने काम करायचं, असा तिथला नियम. कुणाला गोठा मिळाला, कुणाला रोपवाटिका. हिला मिळाल्या काकू.

काकू म्हणजे कांद्याचं बियाणं. आसपासची बावीस घरं कांदा करायची ती काकूंच्या बियाण्यावर. दुकानात रंगीत पाकिटं मिळत होती, नाही असं नाही. पण काकूंच्या कांद्याचा पापुद्रा घट्ट, मान बारीक, आणि साठवला की आठ महिने हूं की चूं करायचा नाही. सासूने निवडून निवडून केलेलं ते वाण, तिच्यामागून काकूंनी अकरा वर्षं सांभाळलेलं. कांद्याच्या बियाण्याची खोड अशी की ते फार दिवस थांबत नाही. वर्ष उलटलं की निम्मं उगवतच नाही. म्हणून दर साली निवडक कांदे परत जमिनीत लावायचे, त्यांना दांडे येऊ द्यायचे, दांड्यांवर पांढरे गोंडे, आणि गोंड्यांत काळं बी. एक साल हुकलं तर बावीस घरं पाकिटांकडे वळणार, आणि एकदा वळलेली माणसं पुन्हा दारात येत नाहीत, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं.

"हात बघू," काकू पहिल्याच दिवशी म्हणाल्या. मुलीने हात पुढे केले.

"मऊ आहेत."

"होतील की कडक," मुलगी म्हणाली.

"होतील. न होऊन जातात कुठे!" काकूंनी तिला खुरपं दिलं. काकूंची धाकटी जाऊ विहिरीपाशी उभी होती, तिला सगळे धाकट्या काकू म्हणत. तोंड तिचं एक मिनिट बंद नसायचं. ती तिथूनच ओरडली, "अगं कॉलेज, फाइल ठेव आधी, नाहीतर तिच्यानेच गवत काढशील!" तेव्हापासून त्या घरात मुलीचं नाव कॉलेज पडलं.

पण कॉलेज काही लेचीपेची नव्हती. चौथ्या दिवशी तळहाताला फोड आले, तिने त्यावर पट्टी गुंडाळली आणि ओळ पुरी केली. आठव्या दिवशी तिने ठिबकच्या नळीत अडकलेला गाळ शोधून काढला, ज्याच्यापायी दोन ओळी महिनाभर तहानलेल्या राहिल्या होत्या आणि काका जमिनीलाच बोल लावत होते. काका म्हणजे काकूंचे यजमान. कंबर दुखरी, स्वभाव मऊ. ते म्हणाले, "बघा, शिकलेलं माणूस असं असतं." काकूंनी त्या दिवशी जेवताना तिच्या ताटात दोनदा वाढलं.

फुलोरा सुरू झाला तसा पेटीवाला आला. मधमाश्या पाळायचा त्याचा धंदा. दरवर्षी तो दहा पेट्या काकूंच्या बांधावर ठेवायचा. त्याला मध मिळायचा, काकूंचं बी भरायचं. वाकून पेट्यांशी काहीतरी पुटपुटत तो त्या लावून गेला आणि दुसऱ्या दिवसापासून साठ ओळींवर नुसता गुंजारव सुरू झाला. मुलीला तो इतका आवडला की खुरपं हातात धरून ती ऐकत उभी राहायची, आणि धाकट्या काकू म्हणायच्या, "हो, ऐक, ऐक, गवत आपोआप जाईल."

आणि मग कीड पडली.

दांड्यांवर चांदीसारखे चट्टे दिसायला लागले. मुलीने एक गोंडा कोऱ्या कागदावर झटकला. पिवळट, डोळ्याला जेमतेम दिसतील असे फुलकिडे कागदभर पळायला लागले. तिने मोजले. तीस. पाच ठिकाणी झटकलं, पाचही ठिकाणी तेच.

"फवारावं लागेल, काकू."

"फुलात मी कधी फवारलेलं नाही."

"एवढी कीड कधी होती का?"

काकूंनी कागद उन्हात धरून पाहिला. "नव्हती," त्या म्हणाल्या. मग कागद तिच्या हातात परत देत म्हणाल्या, "तू सांगशील तसं."

हे तीन शब्द ऐकायला त्या घरातल्या लोकांना वर्षं लागली होती. मुलीची छाती फुगली. तिने फाइलमधलं एक पान काढलं आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: औषध कोणतं, एका टाकीला किती, पाणी किती, तोंडाला फडकं, हातात मोजे, पायात बूट. शेवटी लिहिलं, वेळ सकाळी नऊ.

"नऊला?" काकांनी विचारलं. "ऊन नाही का होणार?"

"दव वाळायला हवं ना, काका. ओल्या पानावर औषध ओघळतं."

हे खोटं नव्हतं. म्हणूनच ते कुणाला खटकलं नाही. दुसऱ्या दिवशी नऊला काकांनी पंप पाठीवर घेतला, मुलीने टाक्या भरून दिल्या, आणि अकरापर्यंत साठच्या साठ ओळी भिजल्या. संध्याकाळी फुलकिडे गेले होते. तिने फाइलमध्ये तशी नोंद केली, खाली दोन रेघा मारल्या.

गुंजारव थांबला होता, हे मात्र त्या रात्री कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

सकाळी पेटीवाला आला तो नेहमीच्या फेरीला. बांधावर गेला आणि परत आलाच नाही. म्हणून काका गेले, मागून काकू, मागून मुलगी. तो गुडघ्यांवर बसला होता. दहाही पेट्यांच्या तोंडाशी माश्यांचा खच पडला होता. काही अजून पाय हलवत होत्या, गोल गोल फिरत होत्या, आणि तो एकेक उचलून तळहातावर ठेवत होता.

"काय मारलंत?" त्याने विचारलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

काका पुढे झाले. "फवारणी केली काल. मीच केली."

"कधी?"

"नऊला."

"नऊला! अहो, नऊला त्या फुलातच असतात. वीस वर्षं शेती करता, एवढं कळत नाही तुम्हाला? मला एक निरोप धाडला असता तर पेट्या उचलल्या असत्या मी!"

काका खाली बघत राहिले. कंबरेवर हात ठेवून तसेच उभे. काका तिचं नाव घेणार नव्हते, हे तिला कळून चुकलं.

"त्यांनी नाही," ती म्हणाली. "मी सांगितलं. वेळ मी लिहून दिली होती."

पेटीवाल्याने मान वर केली. "काय शिकता तुम्ही लोक तिथे?"

"फुलोऱ्यात संध्याकाळी फवारायचं, माश्या घरी गेल्यावर. पेटीवाल्याला आधी कळवायचं. पुस्तकात आहे. मी परीक्षेत लिहिलं होतं, पूर्ण गुण मिळाले होते."

"मग इथे का नाही लिहिलंस?" हे काकूंनी विचारलं.

उत्तर इतकं क्षुल्लक होतं की सांगताना मुलीला स्वतःचीच लाज वाटली. "आमचं प्रात्यक्षिक आठ ते दहा असतं. आधी हजेरी, मग पंप धुवायचे, औषध मोजायचं, तोवर नऊ वाजतात. चार वर्षं मी नऊलाच फवारलंय. संध्याकाळची फवारणी मी कधी पाहिलीच नाही. लिहिताना हात नऊवरच गेला."

पेटीवाल्याने पेट्यांची तोंडं ओल्या फडक्याने बंद केली आणि जाताना म्हणाला, "संध्याकाळी पेट्या नेतो. दहातल्या चार वाचतील कदाचित. पुढच्या वर्षी मला विचारायला येऊ नका."

घरी गेल्यावर काकूंनी सगळी भांडी पुन्हा घासायला काढली, धुतलेलीसुद्धा. त्या आवाजात दुपारपर्यंत कुणाची बोलायची छाती झाली नाही. धाकट्या काकूसुद्धा मूग गिळून बसल्या, म्हणजे बघा. मुलीने बॅग उघडली, कपडे आत ठेवले, पुन्हा बाहेर काढले. विद्यापीठात फोन केला असता तर दुसरं शेत मिळालं असतं. तसा नियम होता. पण काका दुसऱ्याच्या चुकीखाली मान घालून उभे राहिलेले तिला दिसत होते, आणि ते पाहून पळून जाणाऱ्या माणसाची तिला मनापासून चीड आली असती. मग तेच आपण कसं करायचं?

तिसऱ्या प्रहरी ती काकूंपुढे जाऊन उभी राहिली.

"काकू, गोंड्यातली फुलं एकदम उमलत नाहीत. अजून अठरा-वीस दिवस उमलत राहणार. निम्म्याहून जास्त फुलं अजून कळीतच आहेत."

"मग?"

"फुलाचा पराग आधी गळतो आणि त्याच फुलाची बी धरायची तयारी नंतर होते. म्हणून पराग एकाचा दुसऱ्याला न्यावा लागतो. माश्या तेच करतात. हाताला सुती कापड गुंडाळून गोंड्यांवरून हलकेच फिरवलं, या झाडावरून त्या झाडावर, तरी जातो. रोज सकाळी, दव वाळल्यापासून बारापर्यंत."

"साठ ओळी आहेत."

"पंधरा माणसं लागतील."

"आपण चार. त्यात एकाची कंबर गेलेली."

"मी आणते ना माणसं. ज्यांना बियाणं लागतं त्यांच्याकडून."

काकूंनी भांडं खाली ठेवलं. "आणि काय सांगशील त्यांना?"

"जे झालं ते."

"मी येणार नाही हं तुझ्याबरोबर."

"नका येऊ," मुलगी म्हणाली.

पहिलंच दार लागलं पिठाच्या गिरणीचं. गिरणीवाला दर साली काकूंचं बियाणं घेणारा, आणि कुणाची फिरकी घेतल्याशिवाय त्याला दळण बारीक पडत नसे. गिरणी घरघरत होती, सात-आठ बायामाणसं डबे घेऊन बसली होती. तिने बोलायला सुरुवात केली तर तिचं तिलाच ऐकू येईना. ती ओरडायला लागली. काकूंचं बियाणं, म्हणाली, यंदाचा फुलोरा, आणि फवारणी, आणि माश्या. गिरणीवाल्याने कानाला हात लावला. तिने अजून मोठ्याने सांगितलं. आणि नेमकं तेव्हाच त्याने गिरणीचा पट्टा काढला.

"...माझ्या मूर्खपणामुळे मेल्या!"

तेवढंच वाक्य त्या सुनसान खोलीत उरलं. सगळे तिच्याकडे बघायला लागले. एक म्हातारी घाईने विचारती झाली, "कोण मेलं गं?"

"मधमाश्या," मुलगी म्हणाली. कान तापले होते, पण आता अर्ध्यात सोडण्यात काही अर्थ नव्हता. तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं, काही न गाळता.

"पहिला नंबर ना तुझा?" गिरणीवाला म्हणाला. "बरं झालं. दुसरा असता तर आम्हालाच फवारलं असतंस." सगळे हसले. तीही उभी राहिली त्या हसण्यात, हलली नाही. मग म्हणाली, "रोज तीन तास, अठरा दिवस. नाही आलात तर पुढच्या साली बियाणं नाही. मी रोज पहिल्या ओळीत असेन."

"बघू," गिरणीवाला म्हणाला आणि पट्टा चढवला.

शिंपीणबाईंनी मशीनवरून मान न उचलता सांगितलं की येईन, पण शिव्या द्यायला येईन. कुणी दार अर्धंच उघडलं. कुणी पाणी दिलं आणि पाण्याबरोबर दोन शब्दही ऐकवले. बावीस दारं झाली तेव्हा दिवेलागण झाली होती. परत आली तर काकू ओसरीत जुने उशांचे अभ्रे फाडून, हात आत जाईल अशा पिशव्या शिवत बसल्या होत्या. शेजारी शिवून झालेल्यांचा ढीग होता. मुलीने नुसत्या नजरेने मोजल्या, तीसवर असतील.

"एवढे येतील?" तिने विचारलं.

"येवोत न येवोत," काकू म्हणाल्या. "सुई ओवून दे."

सकाळी नऊ माणसं आली. शिंपीणबाई आल्या आणि बोलल्याप्रमाणे शिव्याही दिल्या, पण हात चालवत. मुलीने दाखवलं: तळवा वाटीसारखा करायचा, गोंडा हातात न दाबता वरून फिरवायचा, मग पुढचा, मग पलीकडच्या ओळीतला, मग पुन्हा अलीकडचा. दोन्ही हात एकदम. कुणी जोर केला की ती पळत जायची. "हळू, काकी, डोकं पुसायचं नाहीये, गालाला हात लावायचाय."

काकांनी एक बुटकं स्टूल घेतलं आणि कडेची ओळ घेतली. स्टूल पुढे सरकवायचं, बसायचं, हात फिरवायचे. आता कंबर म्हणाल तर दुखत होतीच, पण ते म्हणाले, "पंप तर पाठीवर नाही ना."

तिसऱ्या दिवशी तेरा झाली. पाचव्या दिवशी गिरणीवाला आला, अंगभर पीठ घेऊन. "मी आलो म्हणजे पराग आणलाच समजा," म्हणाला. सगळे हसले आणि या खेपेला मुलगीही मोकळेपणाने हसली. ऊन चढत होतं. कांद्याच्या फुलांचा उग्र वास डोक्यात बसत होता. खांद्यातून कळा निघायच्या, मनगटांवर पुरळ उठलं, पिशव्या पिवळ्या पडल्या. बारा वाजता माणसं घरी जायची, आणि मुलगी राहिलेल्या ओळी एकटी करायची. काकू दुसऱ्या टोकाने सुरुवात करायच्या आणि दोघी मधे कुठेतरी भेटायच्या.

अकराव्या दिवशी अशाच भेटल्या तेव्हा काकूंनी एका गोंड्यात बोट घातलं, सुकलेलं फूल नखाने बाजूला केलं. आत हिरवं, तीन कप्प्यांचं, मिऱ्याएवढं बोंड फुगलं होतं. त्यांनी दुसरा गोंडा पाहिला. तिसरा पाहिला. दहा पाहिले.

"धरलंय," काकू म्हणाल्या.

मुलीला एकदम रडू फुटलं आणि तिने ते लपवलं नाही. ती ओळीत खाली बसून हमसून हमसून रडली. काकू शेजारी उभ्या राहिल्या, तिच्यावर सावली पडेल अशा.

"झालं? ऊठ आता. चार ओळी राहिल्यात."

फवारणीच्या आसपास उमललेली फुलं पोकळच गेली. गोंडे काढले, वाळवले, चोळले, पाखडले. बी भरलं ते दर सालच्या दोनतृतीयांश. पण जे होतं ते काळंभोर, टणक. मुलीने शंभर बिया मोजून ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि बारा दिवस त्या फडक्याला बाळासारखं जपलं. उलगडलं तेव्हा शंभरातल्या अठ्ठ्याऐंशी उगवल्या होत्या. धाकट्या काकूंनी ही बातमी विहिरीवरून अशी काही ओरडून सांगितली की तीन शेतांपलीकडची माणसं बघायला आली.

वाटपाच्या सकाळीच विद्यापीठातले सर तिचं काम तपासायला आले. अंगण माणसांनी भरलं होतं, प्रत्येकाच्या हातात डबा. मुलगी मापाने बी घालत होती आणि दर डब्याला तेच सांगत होती: "यंदा वाटा कमी आहे. कारण माझी चूक. शंभरात अठ्ठ्याऐंशी उगवतात, तेव्हा दाट पेरू नका, वाया जाईल." सर खुर्चीवर बसून फाइल वाचत होते. एका पानावर थांबले. तिला बाजूला बोलावलं.

"अगं, हे काय लिहिलंयस? 'माझ्या चुकीच्या वेळेमुळे मधमाश्या मेल्या'?"

"तसंच झालं, सर."

"झालं असेल. पण असं लिहायचं नसतं. 'मधमाश्यांच्या अनुपस्थितीत हाताने परागीभवनाचा प्रयोग' असं लिही. प्रयोगाला वेगळे गुण आहेत. तुझा पहिला नंबर आहे, उगाच घालवू नकोस." सर वाईट नव्हते. तिच्या भल्याचंच सांगत होते.

"प्रयोग नव्हता सर, भरपाई होती. गुण जाऊ देत." मग ती म्हणाली, "एक विचारू? आपलं फवारणीचं प्रात्यक्षिक संध्याकाळी नाही का घेता येणार?"

"संध्याकाळी? गाडी चारला सुटते. वेळापत्रक..." सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग अंगणातल्या डब्यांकडे. मुलीचं पान त्यांनी पुन्हा एकदा वाचलं, सावकाश, आणि न खोडता खाली सही केली. "वेळापत्रकाचं मी बोलून बघतो," ते म्हणाले. "लगेच होईल असं नाही सांगत."

"बघा तर खरं," काकू मागून म्हणाल्या. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कुणास ठाऊक.

रांगेत सगळ्यात शेवटी पेटीवाला होता. त्याच्याही दारात चार वाफे कांद्याचे असायचे. त्याने डबा पुढे केला, तोंड दुसरीकडे. मुलीने माप घातलं, आणि आपल्या वाट्याचं म्हणून काकूंनी वर ओंजळभर घातलं.

"चार पेट्या वाचल्या," तो कुणाकडेच न बघता म्हणाला. "आता सहा झाल्यात."

"पुढच्या फुलोऱ्याला देशील?" काकूंनी विचारलं.

"फवारणीची वेळ कोण ठरवणार, ते सांगा आधी."

काकूंनी हनुवटीनेच मुलीकडे दाखवलं. "परीक्षा झाली की ही इथेच येणार आहे. माझ्या बियाण्याला माणूस हवंय."

हे मुलीलाही त्या क्षणीच कळलं. पेटीवाल्याने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे.

"मग देतो," तो म्हणाला. "पण पेट्या हिने स्वतः उतरवून घ्यायच्या. आणि संध्याकाळी. माश्या हलवायच्या त्या अंधार पडतानाच. एवढं तरी ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," मुलगी म्हणाली. "पण केलेलं नाही. तुम्ही दाखवा."